डिप्लॉय स्क्रिप्ट लिहिताना चालू फोल्डरला हात लावू नका

सर्व्हरवर एसएसएच करायचं (म्हणजे दुरून लॉगिन), गिट पुल मारायचं (नवा कोड खेचायचा), सर्व्हिस रीस्टार्ट करायची, बरेच जण असंच डिप्लॉय करतात, म्हणजे नवा कोड साइटवर चढवतात, आणि चालतंही, पण एखाद्या दिवशी पिप इन्स्टॉल (पायथनची पॅकेजेस बसवणं) मध्येच फेल होतं आणि साइट अर्धी जुनी अर्धी नवी होऊन बसते, मागे जायला रस्ताच नाही. म्हणून दर वेळी नवं फोल्डर करा, सगळं तयार झालं की मगच साइट तिकडे वळवा.

सर्व्हर उबंटूचा आणि साइट जँगोची (पायथनचं वेब फ्रेमवर्क) धरून सांगतो. सर्व्हरवर वेगळा डिप्लॉय युजर, रूट नको, लॉगिन एसएसएच कीने, सुडो (रूटचे अधिकार वापरायची परवानगी) फक्त साइट चालवणाऱ्या त्या एका सर्व्हिसच्या रीस्टार्टपुरतं. ॲपच्या फोल्डरात रिलीजेस, शेअर्ड आणि करंट. रिलीजेसमध्ये दर डिप्लॉयला तारीख-वेळेच्या नावाचं फोल्डर, शेअर्डमध्ये पासवर्डवाली एन्व्ह फाइल आणि युजरनी अपलोड केलेले फोटो. करंट म्हणजे नुसती सिमलिंक, जो रिलीज चालू आहे त्याच्याकडे बोट दाखवणारी.

बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सेट मायनस ई लिहा, म्हणजे एक कमांड फेल झाली की पुढचं काही चालत नाही. मग आरसिंकने (फाइली कॉपी करणारी कमांड) कोड नव्या रिलीजच्या फोल्डरात टाका, सोर्स पाथच्या शेवटी स्लॅश हवाच, नाहीतर फोल्डरच्या आत फोल्डर तयार होतं. मी पूर्वी डिलीट ऑप्शन (सोर्समध्ये नसलेल्या फाइली तिकडूनही उडवणारं) लावून थेट चालू फोल्डरवर आरसिंक करायचो, एकदा त्यात अपलोडचे सगळे फोटो उडाले, आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं. तेव्हापासून अपलोड शेअर्डमध्येच. व्हर्च्युअल एन्व्ह, म्हणजे त्या ॲपपुरती पायथन पॅकेजेस ठेवायची जागा, त्या रिलीजच्या फोल्डरातच बनवा, एका जागी बनवून दुसरीकडे हलवलं तर पाथ तुटतात. पुढे मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) आणि कलेक्टस्टॅटिक (सीएसएस वगैरे फाइली एका जागी गोळा करणं).

आता करंट वळवायचं. लिंक बनवणाऱ्या एलएन कमांडला एस, एफ, एन असे तिन्ही फ्लॅग द्या. एन विसरलात तर नवी लिंक जुन्या रिलीजच्या फोल्डरात जाऊन पडते, एरर काहीच येत नाही, आणि आपण तासभर डोकं खाजवतो की बदल दिसत का नाहीत! लिंक वळवल्यावर गुनिकॉर्न (जँगो ॲप चालवणारा सर्व्हर) रीस्टार्ट करा, तोपर्यंत मेमरीतला जुनाच कोड चालू असतो. चार-पाच सेकंद थांबून कर्लने (टर्मिनलवरून वेब पान मागवणारी कमांड), एफ फ्लॅग लावून, साइटचं एखादं पान मागवा, पाचशेची एरर (सर्व्हरवर बिघाड) आली तर कर्ल फेल होतं आणि स्क्रिप्टनेच करंट मागच्या रिलीजवर नेऊन परत रीस्टार्ट करायचं. फक्त ही कर्लची ओळ इफमध्ये घाला, नाहीतर सेट मायनस ईमुळे स्क्रिप्ट तिथेच बंद पडेल आणि मागे जाणं राहूनच जाईल.

असं मागे गेल्यावर कोड जुना येतो, डेटाबेस नाही येत. त्यामुळे कॉलम काढायचा असेल तर या रिलीजमध्ये फक्त तो वापरणारा कोड काढा, कॉलम पुढच्या रिलीजमध्ये. शेवटचे ५ रिलीज ठेवून बाकीचे स्क्रिप्टनेच उडवा, प्रत्येकात व्हर्च्युअल एन्व्ह असतं, डिस्क भरायला वेळ लागत नाही.