आरएफसीत चूक सापडली, आता एराटा टाकायचा की नाही?

आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे (संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांचे) प्रसिद्ध दस्तऐवज, वाचून प्रोटोकॉल इम्प्लिमेंट करायला, म्हणजे कोडमध्ये उतरवायला लागलं की दोन-तीन महिन्यांत डोळ्याला चुका टोचायला लागतात. कुठे सेक्शन नंबर भलताच, कुठे आकृतीत एक आणि मजकुरात दुसरंच, कुठे एबीएनएफमध्ये (मेसेजची रचना लिहायच्या ग्रामरमध्ये) कंस उघडलाय तो बंदच केलेला नाही. चूक कळवायचा फॉर्म तर समोरच असतो, मग वाटतं टाकूया एराटा, म्हणजे चूक-दुरुस्तीची नोंद. मी पहिल्या वर्षात अकरा टाकले, त्यातले सहा रिजेक्ट झाले, आणि त्यातला एक अजून मनातून जात नाही म्हणून हे लिहायला बसलेय.

अर्थाला धक्का लावणारा टेक्निकल आणि फक्त शब्दांपुरता एडिटोरियल हे एराट्याचे प्रकार तुम्हाला माहीत असतीलच. प्रसिद्ध झालेल्या आरएफसीचा मजकूर बदलत नाही, एराटा त्याच्यासोबत नोंद म्हणून राहतो, आणि आयईटीएफच्या (हे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या संस्थेच्या) डॉक्युमेंटमधल्या टेक्निकल चुकीवर शेवटचा शब्द एरिया डिरेक्टरचा, म्हणजे त्या विषयाच्या प्रमुखाचा. निकाल तीन प्रकारचे: व्हेरिफाइड, रिजेक्टेड, नाहीतर होल्ड फॉर डॉक्युमेंट अपडेट, म्हणजे मुद्दा पुढची आवृत्ती लिहिताना बघू. आयईएसजीनं, म्हणजे या डिरेक्टरांच्या मंडळानं, २००८ मध्ये यावर एक निवेदन काढलं, २०२१ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. ते दोन पानांचंही नाही, पण मी ते पहिला एराटा टाकायच्या आधी नाही तर चौथा रिजेक्ट झाल्यावर वाचलं. तुम्ही आधी वाचा.

चूक किती ढळढळीत दिसते यावरून ती दुरुस्त करायची की नाही हे ठरत नाही, ही गोष्ट मला उशिरा कळली. एचटीटीपीचा, म्हणजे वेबच्या प्रोटोकॉलचा, रेफरर हेडर घ्या; आपण कुठल्या पानावरून आलो ते ब्राउझर त्यात सांगतो. १९९६ च्या आरएफसी १९४५ पासून त्याच्या स्पेलिंगमध्ये एक आर कमी आहे, आणि २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही तो तसाच आहे, उलट तिथे सरळ लिहून टाकलंय की हे स्पेलिंग चुकीचं आहे. कारण जगातला प्रत्येक ब्राउझर आणि सर्व्हर तीच अक्षरं पाठवतो आणि तीच शोधतो. तुम्ही शुद्धलेखन सुधारलं तर प्रोटोकॉल मोडतो.

टीसीपीच्या (डेटा पोचवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) अर्जंट पॉइंटरचं, म्हणजे तातडीचा डेटा कुठे संपतो ते सांगणाऱ्या आकड्याचं, तर मी ज्याला त्याला सांगते. १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये एके ठिकाणी म्हटलंय की पॉइंटर अर्जंट डेटाच्या पुढच्या बाइटकडे बोट दाखवतो, आणि दुसरीकडे जे गणित दिलंय त्यातून तो शेवटच्या बाइटकडे जातो. फरक एकाचा. १९८९ च्या आरएफसी ११२२ नं निकाल दिला की शेवटचा बाइट बरोबर, पुढचा चूक. पण तोपर्यंत बहुतेक सगळे स्टॅक (टीसीपी चालवणारे प्रोग्राम) पुढचा बाइट धरून चालत होते, ते काही बदलले नाहीत, आणि शेवटी २०११ मध्ये आरएफसी ६०९३ नं स्पेकच, म्हणजे लिखित नियमच, इम्प्लिमेंटेशनच्या बाजूला वळवलं. म्हणजे तीस वर्षं एका बाइटसाठी गेली, आणि मधली दुरुस्ती कागदावर अगदी व्यवस्थित असूनही उपयोगाची ठरली नाही. म्हणून आता दोन जागी दोन गोष्टी दिसल्या की मी लगेच बरोबर कुठली ते ठरवत नाही, आधी तीन-चार इम्प्लिमेंटेशनचा कोड उघडून लोक प्रत्यक्षात काय करतायत ते बघते.

आता मी जिथे अडकले ते. इथे जरा लांबण लागेल, पण लावू दे.

एका प्रोटोकॉलमध्ये ओळखीचा नसलेला मेसेज टाइप आला तर रिसीव्हरनं तो सोडून द्यावा असं लिहिलं होतं, पण इंग्रजी शब्द होता मे. म्हणजे सोडून देता येतो, दिलाच पाहिजे असं नाही. आमचा कोड सोडून द्यायचा आणि समोरचा कोड कनेक्शनच बंद करायचा, आणि नवीन टाइप आणायचा म्हटलं की निम्मी कनेक्शन पडायची. मी पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीची नोंद) जोडले, दोन इम्प्लिमेंटेशनची तुलना केली, टेक्निकल एराटा टाकला की मेच्या जागी मस्ट (केलंच पाहिजे) हवं. माझ्या मते यापेक्षा स्वच्छ केस असूच शकत नव्हती, खरंखुरं नुकसान होत होतं आणि मी ते दाखवत होते. रिजेक्ट. कारण एका ओळीचं: वर्किंग ग्रुपनं (तो आरएफसी तयार करणाऱ्या गटानं) जे ठरवलं होतं ते हेच आहे. मी चिडले, लांबलचक उत्तर लिहिलं, पुन्हा तेच मुद्दे मांडले, कोणी बधलं नाही. काही महिन्यांनी त्या वर्किंग ग्रुपचं जुनं रेकॉर्ड वाचलं तेव्हा कळलं की मस्ट की मे यावर तेव्हा आठवडेच्या आठवडे वाद झाला होता, आणि काही जणांना सुरक्षेसाठी कनेक्शन बंद करायची मोकळीक हवी होती म्हणून मुद्दाम मे ठेवलं होतं.

माझी गल्लत अशी होती की माझ्या डोक्यात प्रश्न होता "हे चांगलं आहे का?" आणि एराट्याचा प्रश्न आहे "ज्या दिवशी हे प्रसिद्ध झालं त्या दिवशी लिहिणाऱ्यांना हेच म्हणायचं होतं का?" हे दोन प्रश्न इतके शेजारी राहतात की कळायच्या आत माणूस एकातून दुसऱ्यात जातो. समजा त्या दिवशी तुम्ही ऑथरला आणि ग्रुपला ती ओळ दाखवली. ते म्हणाले "अरे, हे राहूनच गेलं, इथे नॉट हवा होता", तर एराटा. म्हणाले "हो, असंच हवंय", तर नाही, मग ते कितीही वाईट असू दे आणि तुमच्याकडे कितीही पुरावे असू देत.

पण तिसरं उत्तरही असतं, आणि खरा सापळा तोच. "याचा आम्ही विचारच केला नव्हता." इथे आपल्याला वाटतं की विचार केला नाही म्हणजे चूकच झाली की, मग भरून टाकू रिकामी जागा. नाही. ती जागा कशी भरायची यावर कुणाचं एकमत झालेलंच नाही, आणि तुम्ही एराट्याच्या फॉर्ममधून एकट्यानं ते ठरवू बघताय. माझ्या सहा रिजेक्टपैकी तीन ह्याच जातीचे होते. एकात टायमर कधी रीसेट करायचा ते लिहिलंच नव्हतं, मी ते लिहून दिलं, आणि माझं लिहिलेलं आजही मला बरोबरच वाटतं, तरी रिजेक्ट होणं योग्य होतं. असल्या गोष्टीसाठी नवीन ड्राफ्ट (पुढच्या आरएफसीचा मसुदा) लिहावा लागतो, लोकांना पटवावं लागतं. फॉर्म हा त्याचा शॉर्टकट नाही, आणि तसा वापरला की तुमच्या पुढच्या खऱ्या एराट्याकडेही लोक संशयानं बघतात. हे कडू आहे पण खरं आहे.

त्याच घरातली दुसरी गोष्ट म्हणजे लहान अक्षरातला शुड (करावं). नवीन माणूस सर्च मारतो, पंधरा ठिकाणी लहान शुड सापडतात, आणि तो पंधरा एराटा टाकतो की हे कॅपिटल करा. २०१७ च्या आरएफसी ८१७४ नं स्पष्टच केलंय की मे, मस्ट, शुड यांना नियमाचा विशेष अर्थ फक्त कॅपिटल अक्षरांत. म्हणजे लहान शुड मोठा करणं ही शुद्धलेखनाची दुरुस्ती नाही, तुम्ही नवीन अट घालताय. स्क्रिप्ट चालवून एराटा काढणं ह्या प्रकाराला माझा ठाम विरोध आहे. ज्या ओळीवर तुम्ही स्वतः अडला नाहीत तिच्याबद्दल तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, आणि प्रत्येक नोंद कुणीतरी स्वयंसेवक आपल्या संध्याकाळी बसून तपासतो.

एवढं ऐकून घाबरू मात्र नका, कारण मी घाबरले होते आणि त्याचंही नुकसान झालं. त्या रिजेक्टनंतर मी वर्षभर काहीच टाकलं नाही. त्या काळात एका परिशिष्टातल्या हेक्स उदाहरणात लांबीचा बाइट २८ सांगत होता आणि मोजले तर बाइट २७ भरत होते. मी पाहिलं, म्हटलं एवढंसं काय सांगायचं, पुढे गेले. नंतर आमच्याच टीममध्ये नवीन आलेल्या मुलानं तेच उदाहरण टेस्टमध्ये घातलं आणि बरोबर चालणारा पार्सर (मेसेज वाचणारा कोड) चार दिवस बसून "दुरुस्त" केला. उदाहरणं आणि टेस्ट व्हेक्टर (कोड तपासायचे तयार नमुने) लोक वाचत नाहीत, कॉपी करतात. तिथली एका अंकाची चूक प्रस्तावनेतल्या दहा टायपोंपेक्षा जड आहे. सांगाच. आणि ग्रामरमध्येही एक चिन्ह म्हणजे सगळं काही असतं, चांदणीच्या (पुनरावृत्तीच्या खुणेच्या) आधी १ आहे की नाही यावर रिकामी स्ट्रिंग चालते की नाही ते ठरतं.

अर्थात ग्रामरमध्ये साफसफाईचा मोह झाला तर चंक एक्स्टेन्शन (एचटीटीपीत डेटाच्या तुकड्याला जोडायची जादा माहिती) आठवा. २०१४ च्या आरएफसी ७२३० मध्ये त्यातल्या अर्धविराम आणि बरोबरच्या चिन्हाभोवतीची स्पेस काढून टाकली, चालू इम्प्लिमेंटेशन मोडतायत असं दिसलं, आणि २०२२ च्या ९११२ मध्ये ती "वाईट" स्पेस म्हणून परत घ्यावी लागली.

मेंटरबद्दल एक सांगते. मला पहिले जे मार्गदर्शक मिळाले ते म्हणायचे, टाकून दे, फार तर रिजेक्ट होईल. हा सल्ला ऐकायला धीर देतो पण शिकवत काहीच नाही. दुसऱ्या बाईंनी मला प्रत्येक वेळी एकच विचारलं: ही ओळ जशीच्या तशी पाळून कोणी चुकीचा कोड लिहील का, आणि तो कोड कसा दिसेल ते दाखव. दाखवता आला की व्हेरिफाइड व्हायची आशा. नाही आला पण चूक तर नक्की आहे, तर होल्ड होईल असं समजूनच टाकायचं. असा प्रश्न विचारणारं माणूस मिळालं तर त्याला सोडू नका.

होल्ड म्हणजे कचरापेटी हा समज पण काढून टाका. आरएफसी ७९३ ची जागा घेणारं ९२९३ २०२२ मध्ये आलं तेव्हा साठलेले एराटा त्यात विचारात घेतले गेले. वेळ लागतो, पण नोंद राहते.

लिहिताना मूळ वाक्य आणि दुरुस्त वाक्य पूर्ण द्या, एका नोंदीत एकच चूक, आणि आधी कोणी तीच टाकलीये का ते बघा. खालच्या नोट्समध्ये "हे चूक आहे" एवढंच न लिहिता दुसऱ्या कुठल्या सेक्शनवरून ते चूक ठरतं त्याचा नंबर द्या. मी ते २७ बाइटवालं शेवटी टाकलं, सोबत बाइट मोजून दिले, आणि तीन आठवड्यांत व्हेरिफाइड झालं. टायमरच्या मुद्द्यावर आता ड्राफ्ट लिहितेय, चौथी आवृत्ती चालू आहे, आणि पहिल्यांदा ज्यांनी माझा एराटा रिजेक्ट केला होता त्यांनीच त्यावर सगळ्यात जास्त कॉमेंट्स दिल्यात.