गाडीवरचा चरा घरच्या घरी काढायचाय? आधी त्याच्यावर पाणी ओता

मागच्या महिन्यात ताईची गाडी सदाशिव पेठेत लावलेली होती, पी-वन पी-टू (सम-विषम तारखेच्या पार्किंगच्या पाट्या) बघून नीट लावलेली, तरी परत येऊन बघते तर मागच्या दारावर वीतभर लांब चरा. शेजारी लावलेल्या कुणाच्या तरी बुलेटचं हँडल घासलं असणार. गाडी सिल्व्हर, दोन वर्षांची, तिच्या स्वतःच्या पैशांतून घेतलेली, त्यामुळे तिला वाईट वाटणारच. एका गॅरेजमध्ये दाखवली तर तिथल्या माणसाने हात पण न लावता सांगितलं, पूर्ण दाराला रंग मारावा लागेल, साडेतीन हजार. मग ती माझ्याकडे आली. मी बाकी काही केलं नाही, पाण्याची बाटली आणली, दार सावलीत होतं, चऱ्यावर हळूहळू पाणी सोडलं, आणि वीतभर चऱ्यातला बोटभर तुकडा सोडला तर बाकी सगळा दिसेनासाच झाला.

हे एवढं पाणी ओतणं म्हणजे निम्मं काम आहे, म्हणून आधी ते का होतं ते सांगतो. गाडीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली गंज न लागण्यासाठीचा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चरा फक्त क्लिअर कोटमध्ये असेल तर तो पांढरा दिसतो तो रंग गेल्यामुळे नाही, चऱ्याच्या खरखरीत कडांवर उजेड विखुरतो म्हणून. पाणी त्या खाचेत भरलं की उजेड सरळ आत जातो आणि चरा गायब. जो भाग ओला असताना पण दिसतो तिथे रंग खरोखर गेलाय, तिथे कितीही घासा, काही होणार नाही, उलट आजूबाजूचा चांगला क्लिअर कोट जाईल. आणि क्लिअर कोट परत उगवत नाही, एकदा घासून उडवला की मग खरंच पूर्ण पॅनेल, म्हणजे दार किंवा बॉनेट असा अख्खा भाग, रंगवावं लागतं. बहुतेक लोक चुकतात ते इथेच, खोली न बघता घासायला सुरुवात करतात.

दुसरी खूण नखाची. नख चऱ्याला आडवं फिरवायचं, दाबायचं नाही, नुसतं सरकवायचं. अडकलं नाही तर कंपाऊंडने, म्हणजे रंगावर घासायच्या बारीक कणांच्या पेस्टने, निघेल. अगदी किंचित टोचलं तर बऱ्यापैकी कमी होईल, पूर्ण जाणार नाही. खट्‌कन अडकलं आणि आत करडं किंवा पत्र्याची चमक दिसली तर टचअप, म्हणजे खाचेत नवीन रंग भरणं, लागणार.

सामान फार नाही लागत. रबिंग कंपाऊंडची छोटी बाटली (मी थ्रीएमचं वापरतो, दुसऱ्या चांगल्या कंपनीचं पण चालेल), त्याहून बारीक एक पॉलिश, वॅक्स, चार-पाच मायक्रोफायबरची फडकी, मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि २००० व ३००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक). नाना पेठेत गाडीच्या सामानाची दुकानं आहेत तिथे हे मिळून जातं, पेपर आणि टेप बोहरी आळीत पण मिळेल. दुकानदार कधीकधी "हाच घ्या, लवकर निघतं" म्हणून ८०० नंबरचा पेपर हातात देतात, तो चुकूनही गाडीच्या चांगल्या रंगावर लावू नका. टूथपेस्ट, भांडी घासायची हिरवी घासणी, नेलपॉलिश हे पण नको. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात हे खरं, पण ते भांड्यासारख्या कडक वस्तूसाठी ठीक, रंगावर त्याचा काही अंदाज येत नाही, आणि नेलपॉलिश उन्हात पिवळं पडतं आणि सुटतं.

आता धुणं. ही पायरी लोक उडवतात आणि तिथेच नवीन ओरखडे पाडून घेतात. पुण्यात गाडीवर रोज धूळ बसते, मेट्रोची नाहीतर कसली तरी खोदाई कुठे ना कुठे चालूच असते, आणि त्या धुळीत वाळूचे कण असतात. आमच्या सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारे दादा एकच ओलसर फडकं घेऊन आठ-दहा गाड्या पुसतात, बिचाऱ्यांना पाणीच तेवढं मिळतं, पण त्या फडक्यातल्या वाळूने बॉनेटवर गोल गोल जाळं तयार होतं, उन्हात गाडी बघितली की दिसतं ते. मी त्यांना दोन मायक्रोफायबर आणून दिली आणि सांगितलं की माझ्या गाडीला आधी पाणी मारा, मग पुसा, नाहीतर पुसू नका, धूळ असलेली परवडली. तर चऱ्याची जागा आधी भरपूर पाण्याने धुवायची, मग कार शाम्पूने, भांड्याच्या साबणाने नाही. बोअरचं पाणी असेल तर लगेच कोरडं करा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि तेच चऱ्यासारखे दिसतात.

गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या आसपास जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही, कंपाऊंड टाकलं की सुकूनच जातं. शेजारी काळं रबर किंवा प्लास्टिकची पट्टी असेल तर त्यावर मास्किंग टेप लावा, कंपाऊंड त्यात बसलं की पांढरे डाग निघता निघत नाहीत. मग फडकं बोटांभोवती घट्ट गुंडाळून त्यावर हरभऱ्याएवढं कंपाऊंड घ्या आणि चऱ्याच्या जागेवर साधारण अर्धा मिनिट मध्यम दाबाने फिरवा. लगेच पुसून टाका आणि अल्कोहोल लावलेल्या दुसऱ्या फडक्याने परत पुसा. हे अल्कोहोल महत्त्वाचं, कारण कंपाऊंडमधला तेलकटपणा खाचेत भरतो आणि चरा गेला असं वाटतं, दोन वेळा धुतल्यावर परत दिसायला लागतो. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. कमी झाला असेल तर परत एकदा, असं तीन-चार वेळा, त्याच्यापुढे नाही. ताईच्या दाराला तीन वेळा केलं आणि बोटभर तुकडा सोडून काही उरलं नाही. नंतर बारीक पॉलिशचा एक हात, नाहीतर ती जागा बाकी दारापेक्षा धुरकट दिसते.

दाराची मधली घडी, चाकावरची कमान, बॉनेटची कड, अशा ठिकाणी रंग मुळातच पातळ असतो, तिथे अगदी हलक्या हाताने आणि कमी वेळा. फडक्यावर गाडीचा रंग यायला लागला तर ताबडतोब थांबा, क्लिअर कोट संपलाय. फक्त जुन्या साध्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांवर क्लिअर कोट नसतोही कधीकधी, त्यात फडक्यावर थोडा रंग येणारच, तो घाबरायचा प्रकार नाही.

वॉटर पेपर मारून चरा काढायचे व्हिडिओ खूप आहेत, आणि नख किंचित टोचणाऱ्या चऱ्याला ते लागू पण पडतं, पण पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत, नका करू. हाताला अंदाज नसतो की किती गेलं. चरा सत्तर टक्के कमी झाला तर तिथे थांबलेलं बरं.

आता तो बोटभर तुकडा. टचअपसाठी आधी रंगाचा कोड लागतो, नुसतं "सिल्व्हर द्या" म्हणून चालत नाही. कोड बॉनेटखालच्या प्लेटवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, ताईच्या मारुतीवर झेड-टू-एस होता, म्हणजे सिल्की सिल्व्हर. तो फोटो काढून घ्या आणि कंपनीच्या अधिकृत दुकानातून टचअपची बाटली आणा. बाटली दोन-तीन मिनिटं चांगली हलवा, मेटॅलिकमधली चमकी तळाशी बसलेली असते. मग आधी एका व्हिजिटिंग कार्डवर लावून वाळू द्या आणि ते कार्ड दिवसाउजेडी दाराला चिकटवून बघा, ओला रंग आणि वाळलेला रंग यात फरक पडतो.

चऱ्यात पत्रा दिसत असेल तर कुठे तांबूस झालंय का ते नीट बघा. गंज असेल तर वॉटर पेपरची अगदी बारीक घडी करून फक्त खाचेच्या आत फिरवून तो काढायचा, गंजावर रंग लावला तर तो खालून पसरत राहतो आणि वर्षभरात फुगवटा येतो. पावसाळ्यात उघडा पत्रा चार दिवसांत तांबूस व्हायला लागतो, म्हणून पावसाळ्यात असा चरा पडला तर लगेच साफ करून वरून टेप तरी लावून ठेवा. जागा अल्कोहोलने पुसली की पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग. बाटलीतला ब्रश विसरा, तो फार जाड असतो, टूथपिक घ्या किंवा मुलांच्या चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश. टूथपिकचं टोक रंगात बुडवायचं, कडेला थेंब झटकायचा आणि खाचेच्या एका टोकाला नुसतं टेकवायचं, रंग आपोआप खाचेतून पुढे सरकत जातो, ते बघायला फार छान वाटतं. ओढायचं नाही, रंगवायचं नाही. पहिला हात पातळच, अर्धा तास थांबा, दुसरा, परत अर्धा तास, तिसरा. रंग वाळताना आक्रसतो, म्हणून दोन हातांनंतर परत खड्डा दिसला तर बिघडलं असं समजू नका. बाहेर सांडला तर ओला असतानाच अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. थिनर नको, थिनर नवीन रंग तर विरघळवतोच, जवळच्या प्लास्टिकला पण चट्टा पाडतो.

दुसऱ्या दिवशी टूथपिकनेच क्लिअर कोट, तो आजूबाजूच्या रंगापेक्षा केसभर वर राहील इतका. आणि मग आठवडाभर हात लावायचा नाही, सगळ्यात अवघड हेच. आठवड्यानंतर खोडरबराला २००० चा वॉटर पेपर गुंडाळायचा, साबणाच्या पाण्यात बुडवायचा, आणि तो उंचवटा तेवढाच हळूहळू सपाट करायचा, मग ३०००, मग कंपाऊंड. हे नाही जमलं तरी चालेल, उंचवटा राहिला तर राहिला, गंज तरी लागणार नाही. त्या जागेवर वॅक्स मात्र महिनाभर नको, रंगाला आतून पूर्ण सुकू दे.

हे सगळं दिवाळी ते होळी या काळात करावं, सकाळी नऊनंतर. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने वाळता वाळता रंग दुधाळ होतो.

बंपरचं गणित वेगळं आहे. तो प्लास्टिकचा, गंजत नाही, त्यामुळे घाई नाही. आणि बंपरवर जे पांढरं-लाल दिसतं ते निम्म्या वेळा खांबाचा किंवा दुसऱ्या गाडीचा रंग चिकटलेला असतो, नखाने खरवडून बघा, कंपाऊंडने निघून जातो. ताम्हिणीला जाताना बाजू देताना करवंदीच्या जाळीत गाडी घासते ते चरे पण जवळजवळ सगळे वरवरचेच असतात, माझे तरी दरवेळी कंपाऊंडनेच गेलेत.

विम्यातून करून घ्या असं कुणी सांगेल. पण एक क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो, आणि तो पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं जादा कव्हर) असलं तरी बोनस जातोच, त्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. एका चऱ्यासाठी तो घालवू नका. पण पत्रा दबलाय, चरा दोन पॅनेलवर गेलाय, रंगाचे पापुद्रे निघतायत किंवा गाडी तीन थरांच्या पर्ल पांढऱ्या रंगाची आहे, तर सरळ चांगला पेंटर गाठा.

ताईचं दार आता दोन हातांवरून बघितलं तर काही कळत नाही. संध्याकाळी तिरक्या उन्हात जवळ जाऊन बघितलं की तो बोटभर भाग किंचित गडद दिसतो, कारण फॅक्टरीत स्प्रेने चमकी जशी आडवी बसते तशी टूथपिकने बसत नाही. सिल्व्हरला एवढं राहणारच, साध्या पांढऱ्याला तेवढंही राहत नाही. उरलेल्या बाटलीच्या तोंडाच्या कडा पुसून झाकण घट्ट लावा, वर कोड आणि तारीख लिहा, आणि ती घरात कपाटात ठेवा, डिकीत नको, उन्हात डिकी तापते आणि पुढच्या चऱ्याच्या वेळी बाटलीत नुसता गोळा सापडतो.