अमेरिकेतली जुनी इलेक्ट्रिक गाडी कॅनडात आणताना

कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात, मिसिसागा-ब्रॅम्प्टनला नव्याने आलेले आपले लोक हमखास विचारतात, "न्यू जर्सीला भाऊ आहे, त्याच्या ओळखीत इलेक्ट्रिक गाडी स्वस्तात मिळतेय, घेऊन टाकू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी गाडीचा व्हीआयएन, म्हणजे तिचा ओळख क्रमांक मागा, पैशांचं नंतर बघू.

अमेरिका आणि कॅनडाचे वाहन सुरक्षेचे नियम बरेच जुळतात, पण सारखे नाहीत. म्हणून अमेरिकेतून कोणती मॉडेल्स आणता येतात याची यादी ट्रान्सपोर्ट कॅनडा, म्हणजे इथलं वाहतूक खातं ठेवते. एकाच मॉडेलचं एक वर्ष यादीत असतं, दुसरं नसतं. १५ वर्षांहून जुन्या गाड्यांना ही अट नाही, पण त्या वयाची चांगली इलेक्ट्रिक गाडी मिळणार कुठे? आपलं मॉडेल यादीत नसेल तर विषय तिथेच संपला. बॉर्डरवर कुणाला गळ घालून उपयोग होत नाही.

यादीत असेल तर पुढचा कागद रिकॉलचा, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावण्याचा. गाडीवर एकही रिकॉल बाकी नाही असं कंपनीचं पत्र आरआयव्हीला, म्हणजे आयात गाड्यांच्या नोंदणी यंत्रणेला द्यावं लागतं. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त अडकतं ते इथेच. बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे शेव्हरोले बोल्टची २०१७ ते २०२२ पर्यंतची सगळी मॉडेल्स परत बोलावली गेली होती. विकणारा "काम झालंय" म्हणाला तरी कागद हातात घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नका. बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची असते, पण अमेरिकेत विकलेल्या गाडीला ती कॅनडात लागू राहीलच असं नाही. कंपनीच्या कॅनडातल्या ऑफिसकडून लेखी उत्तर घ्या. बॅटरी बदलायची वेळ आली तर वाचवलेले सगळे पैसे त्यातच जातात.

अमेरिकेच्या बाजूला गाडी 'निर्यात' होत असते हे बरेच जण विसरतात. निर्यातीची नोंद ऑनलाइन करून बॉर्डरवर पोहोचायच्या किमान ७२ तास आधी मूळ टायटलसह (मालकीच्या कागदासह) तिथल्या कस्टम्सला कळवावं लागतं. नोंदीसाठी सहसा एजंट लागतो, त्याची फी धरून चाला. टायटलवर बँकेचं कर्ज दिसत असेल तर बँकेची परवानगी आधी लागते. निर्यातीचं ऑफिस सीमेवरच्या प्रत्येक पुलावर चोवीस तास उघडं नसतं, म्हणून निघण्याआधी वेळ विचारून घ्या.

आता पैसे. ५ टक्के जीएसटी बॉर्डरवर, ओंटॅरिओचे ८ टक्के नोंदणीच्या वेळी, एसीवर १०० डॉलर, शिवाय आरआयव्हीची फी. उत्तर अमेरिकेत न बनलेल्या गाडीवर ६.१ टक्के ड्युटी असते. एप्रिल २०२५ पासून अमेरिकी गाड्यांवर अमेरिकेच्या शुल्काला उत्तर म्हणून २५ टक्क्यांचं प्रतिशुल्क लागलं आहे. त्यात कोणत्या गाडीला किती सूट, हे ती कुठे बनली आणि तिच्यातला कोणता भाग कुठला यावर ठरतं. हे दर बदलत असतात, निघायच्या आठवड्यात सीबीएसएला, म्हणजे कॅनडाच्या कस्टम्सला पुन्हा विचारा.

कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना घेऊन अमेरिकेतून येणाऱ्यांसाठी मात्र चांगली सोय आहे. गाडी येण्यापूर्वीच तुमच्या मालकीची, ताब्यातली आणि वापरातली असेल तर १०,००० कॅनेडियन डॉलरपर्यंतच्या किमतीवर ड्युटी माफ होते, शुल्क फक्त त्यावरच्या रकमेवर. गाडी नंतर येणार असेल तर पहिल्यांदा उतरतानाच सामानाच्या यादीत तिचं नाव लिहा. ते राहिलं तर सवलत मिळवणं फार अवघड होतं. १२ महिन्यांच्या आत विकली तर माफ झालेली ड्युटी भरावी लागते. आणि ही सवलत फक्त ड्युटीची आहे, सुरक्षेच्या यादीतून सुटका नाही.

गाडी निवडताना हवामान बघा. २०२५ पर्यंतच्या निसान लीफच्या बॅटरीला पाण्याने थंड करायची सोय नव्हती, त्यामुळे ॲरिझोनाच्या उन्हात सुरुवातीच्या लीफच्या बॅटऱ्या लवकर खालावल्या. डॅशबोर्डवर बॅटरीच्या क्षमतेच्या बारापैकी किती पट्ट्या उरल्यात ते फोटोत मागा. टेस्ला मॉडेल ३ ला हीट पंप, म्हणजे कमी विजेत गाडी आतून गरम करणारी सोय, २०२१ च्या मॉडेलपासून आला. ओंटॅरिओच्या जानेवारीत रेंज कमी होतेच, हीट पंप नसेल तर आणखी होते.

गाडी आत आल्यावर ४५ दिवसांत आरआयव्हीची तपासणी करून घ्यायची. ती झाल्याशिवाय नोंदणी नाही. ओंटॅरिओचं सेफ्टी सर्टिफिकेट त्याहून वेगळं, आणि विम्याची बोलणी बॉर्डर ओलांडण्याआधीच उरका. हा सगळा हिशेब कागदावर मांडून इथल्याच एखाद्या वापरलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीशेजारी ठेवा. फरक दोन-तीन हजार डॉलरचा निघाला तर माझं मत इथली घ्या.