मोबाइल कंपनीच्या बंधनात राहून अँड्रॉइड आणि आयफोन यांतून निवड कशी करावी

नवा फोन घ्यायचा ठरला की बहुतेक जण ‘अँड्रॉइड की आयफोन’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. फोन मोकळा विकत घ्यायचा असेल आणि कोणतेही सिम घालण्याची मुभा असेल, तर त्यात वावगे काही नाही. परंतु फोन मोबाइल कंपनीकडून, म्हणजे सिम आणि नेटवर्क देणाऱ्या कंपनीकडून, हप्त्यांवर किंवा कराराने मिळणार असेल, किंवा जिथे तुम्ही राहता तिथे एकाच कंपनीचे नेटवर्क धड चालत असेल, तर हा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. आधी बंधने नीट समजून घेतली की दोहोंपैकी कोणता फोन आपल्याला सोयीचा आहे, हे बरेचसे आपोआप स्पष्ट होते.

पहिले काम नेटवर्कचे आहे आणि ते सोपे आहे. घर, कामाची जागा आणि रोजचा प्रवास या तीन ठिकाणी कोणत्या कंपनीचे नेटवर्क चांगले मिळते, हे ओळखीच्या लोकांच्या फोनवर पाहून घ्यावे. कंपनीच्या नकाशावर रंगवलेला भाग मोकळ्या जागेचा असतो. घराच्या आतल्या खोलीत काय होते, हे तो नकाशा सांगत नाही.

दुसरे काम सिम लॉक समजून घेण्याचे आहे. कंपनीने विकलेल्या फोनमध्ये अनेकदा अशी व्यवस्था असते की दुसऱ्या कंपनीचे सिम तो स्वीकारत नाही. लॉक असलेल्या फोनमध्ये ई-सिमची, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या डिजिटल सिमची, सोय असली तरी त्यावरही दुसऱ्या कंपनीचा क्रमांक चालत नाही, म्हणून ‘दोन सिमचा फोन आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. एके काळी या बंधनाने प्रणालीची, म्हणजे अँड्रॉइड की आयफोन याची, निवडच ठरत असे. २००७ साली अमेरिकेत आयफोन आला तेव्हा तो केवळ एटी अँड टी या कंपनीच्या ग्राहकांसाठी होता, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन टी-मोबाइलने आणला आणि व्हेरायझनच्या ग्राहकांना आयफोन मिळायला फेब्रुवारी २०११ उजाडले. पुढे काही देशांनी ही प्रथाच मोडली. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन अनलॉक स्थितीतच विकावे लागतात, तर ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकण्यास कंपन्यांना मनाई आहे. जिथे असा नियम नाही, तिथे खरेदीपूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: लॉक किती दिवसांनी निघतो, त्यासाठी सर्व हप्ते फेडलेले असावे लागतात का, आणि तो आपोआप निघतो की अर्ज करावा लागतो. प्रीपेड ग्राहकांसाठी अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून आपण कोणत्या प्रकारात मोडतो हेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्यावे.

हातात आलेला फोन लॉक आहे की नाही, हे आयफोनमध्ये चटकन कळते. सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडले की कॅरियर लॉकची ओळ दिसते. तिच्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे असेल तर फोन मोकळा आहे. अँड्रॉइडमध्ये सर्व फोनना लागू पडेल अशी एक जागा नाही, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचे सिम प्रत्यक्ष घालून पाहणे हाच भरवशाचा उपाय आहे. मी एकदा वापरलेला अँड्रॉइड फोन ‘पूर्ण मोकळा आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर घेतला. घरी येऊन माझे सिम ट्रेमध्ये बसवले, तर नेटवर्कच्या रेषा उमटण्याऐवजी अनलॉक पिन मागणारी चौकट पडद्यावर आली, आणि तो पिन मिळवण्यात माझे कित्येक दिवस गेले. तेव्हापासून पैसे देण्याआधी सिम घालून पाहिल्याशिवाय मी फोन घेत नाही. त्याच वेळी *#०६# डायल करून फोनची ओळख असलेला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांकही टिपून तपासून घ्यावा, कारण चोरीचा किंवा हप्ते थकवलेला म्हणून काळ्या यादीत गेलेला फोन अनलॉक असूनही नेटवर्कवर चालत नाही.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच लोक गाळतात. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळ्या मॉडेल क्रमांकांनी विकला जातो आणि प्रत्येकात रेडिओचे बँड, म्हणजे नेटवर्क ज्या लहरींवर चालते त्यांचे पट्टे, वेगळे असू शकतात. म्हणून जाहिरातीतले नाव न पाहता पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यावा आणि आपल्या कंपनीचे बँड त्याच्या तपशिलात आहेत का, हे ताडून पाहावे. बँड जुळले तरी काम संपत नाही. जुनी थ्रीजी सेवा अनेक देशांत बंद झाल्याने बोलण्यासाठी फोरजीवरची व्होल्टे सुविधा लागते, आणि काही कंपन्या ती फक्त स्वतः मंजूर केलेल्या मॉडेलनाच देतात. अशा वेळी इंटरनेट उत्तम चालते, पण कॉल लागत नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस थ्रीजी बंद होताना, फोरजीवरून तातडीचा कॉल करू न शकणारे फोन कंपन्यांना नेटवर्कवरून बंद करावे लागले. त्यांत असे फोनही होते, ज्यांवर रोजचे कॉल फोरजीवरून व्यवस्थित होत होते. या बाबतीत आयफोनचा ग्राहक बराच निश्चिंत असतो, कारण मॉडेल मोजकी असतात आणि बहुतेक कंपन्या ती तपासून घेतात. अँड्रॉइडमध्ये मोठ्या उत्पादकांचे फोन सहसा यादीत असतात. बाहेरच्या देशातून मागवलेल्या फोनबाबत मात्र कंपनीची मंजूर यादी पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

एवढे झाल्यावर प्रणालींची तुलना करावी, आणि तीही ‘या फोनवर कंपनीचा हात किती पोहोचतो’ या एकाच कसोटीवर. आयफोनचे अपडेट अॅपल सर्व ग्राहकांना थेट देते आणि कंपनीची अॅप त्यात आधीपासून भरलेली नसतात. कंपनीमार्फत विकलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये अशी अॅप असू शकतात, त्यांपैकी काही केवळ निष्क्रिय करता येतात, आणि अपडेट कंपनीच्या तपासणीत अडकून उशिरा येऊ शकते. पिक्सेल ८ पासून गुगलने आणि गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंगने त्या मालिकांना सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले आहे, ही अँड्रॉइडची मोठी जमेची बाजू आहे. ज्यांना स्वतःची प्रणाली बसवायची आहे, त्यांनी कंपनीचा फोन घेऊच नये. व्हेरायझनने विकलेल्या पिक्सेलचा बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करणारा भाग, उघडता येत नाही, तोच फोन थेट गुगलकडून घेतला तर येतो. हॉटस्पॉट आणि वाय-फाय कॉलिंग यांच्याबाबत मात्र दोन्हीकडे कंपनीचाच शब्द चालतो, तेव्हा त्यांवरून प्रणाली निवडण्यात अर्थ नाही.

माझा सल्ला असा आहे की करारात अडकणे अपरिहार्य असेल आणि फोनमागे वेळ घालवायचा नसेल, तर आयफोन घ्यावा, कारण त्यात कंपनीची ढवळाढवळ कमी होते. फोन मोकळा घेण्याइतके पैसे हाताशी असतील, तर अँड्रॉइडमध्ये निवडीला खूप वाव आहे. हप्त्यांवरचा लॉक असलेला स्वस्त अँड्रॉइड फोन ज्याला दुसरा इलाजच नाही त्यानेच घ्यावा, आणि तोही किती दिवस अपडेट मिळणार हे विचारून.

आयफोन सोडून अँड्रॉइडकडे जाणाऱ्यांनी सिम काढण्यापूर्वी आयमेसेज ही अॅपलची संदेशसेवा बंद करावी, नाहीतर इतर आयफोनवरून आलेले संदेश जुन्याच खात्यावर जात राहतात. जुना फोन विकायचा असेल तर त्यावरून अॅपल किंवा गुगल खातेही आठवणीने काढून टाकावे.

नवा फोन परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी अवश्य करावी. वाय-फाय बंद करून कोणाला तरी कॉल लावावा आणि बोलणे सुरू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहावे. कॉल लागताच फोरजी किंवा फाइव्हजीची खूण जाऊन तिथे थ्रीजी किंवा जुन्या टूजी नेटवर्कची खूण असलेले ‘ई’ हे अक्षर आले, तर त्या सिमवर व्होल्टे चालत नाही. कंपनीला ते सुरू करून द्यायला सांगावे, आणि तिने असमर्थता दाखवली तर मुदतीतच फोन परत करावा.