विनाइलवर छपाई: मशीन बघण्याआधी शाई कशी सुकते ते बघा

विनाइल (पाट्या-स्टिकरांची चिकट प्लास्टिक फिल्म) कापणं जमतं, वीडिंग (कापल्यावर नको तो भाग सोलून काढणं) जमतं, आता रंगीत छपाईकडे वळायचंय, अशा टप्प्यावर असाल तर मशीनचे कॅटलॉग जरा बाजूला ठेवा. एक-दोन सपाट रंगांच्या अक्षरांना छपाई लागतच नाही. रंगीत विनाइल कापून लावा, ते जास्त टिकतं, कारण रंग फिल्मच्या अंगातच असतो. छपाई हवी ती फोटोला, रंगछटांना.

टेबलावरच्या साध्या इंकजेटवर पाटीची कामं घेऊ नका. त्याला खास थर दिलेलं विनाइल लागतं, आणि डाय शाई (द्रवात विरघळलेल्या रंगाची) उन्हात भराभर फिकी पडते. वर लॅमिनेशन (पारदर्शक संरक्षक फिल्म) केलंत तरी कडेने पाणी शिरतं. आतल्या भिंतीवरच्या स्टिकरपुरतं ठीक.

बहुतेक नवे लोक शेवटी इको-सॉल्व्हंटवर, म्हणजे सौम्य द्रावकाच्या शाईवर, येतात, मीही आलो. निवड वाईट नाही. यातलं द्रावक विनाइलचा पृष्ठभाग किंचित मऊ करतं आणि रंग त्यात रुततो, म्हणून पकड चांगली मिळते. पण सापळाही तिथेच आहे, आणि मी त्यात पुरता अडकलो होतो. प्रिंट मशीनमधून बाहेर पडतो तेव्हा हाताला कोरडा लागतो. तो कोरडा नसतो. हीटर वरवरचं द्रावक उडवतो, उरलेलं फिल्ममध्ये राहतं आणि हळूहळू मागच्या गोंदापर्यंत पोचतं. अशा प्रिंटवर लगेच लॅमिनेशन चढवलं की द्रावकाची बाहेर पडायची वाटच बंद. मग गोंद लिबलिबीत होतो, कडा उचलतात, फिल्म आक्रसते आणि कडेला गोंदाची रेघ उघडी पडते. अन् हे लगेच दिसत नाही. पाटी लागलेली असते, पैसे मिळालेले असतात, आणि मग फोन येतो.

निदान 24 तास थांबा. गडद, भरगच्च रंगाचं काम असेल तर 48. काळा पट्टा आणि फिकट पार्श्वभूमी एकाच वेळी सुकत नाहीत, तेव्हा थांबायचं ते काळ्यासाठी. आणि रोल घट्ट गुंडाळून ठेवलात तर ते थांबणं धरूच नका, आत हवा जात नाही. सैल गुंडाळून उभा ठेवा, नाहीतर टांगा. कंटूर कटही (चित्राच्या कडेकडेने कापणं) सुकल्यावरच. ‘हेअर ड्रायर फिरवला की झालं’ असं सांगणारे उस्ताद पुष्कळ भेटतील. त्यांच्या जुन्या पाट्या जाऊन बघा. माझ्या मते विक्रेत्याच्या डेमो प्रिंटपेक्षा दोन उन्हाळे काढलेली पाटी जास्त शिकवते.

थांबणं परवडत नसेल तर लॅटेक्स बघा. पाण्यावर आधारलेली शाई उष्णतेने पक्की होते, लॅमिनेशन लगेच करता येतं. उष्णता मात्र जास्त लागते, पातळ फिल्म लहरते. यूव्ही शाई अतिनील दिव्याखाली तत्क्षणी घट्ट होते, पण ती थर बनून वर बसते. सपाट बोर्डाला उत्तम. गाडीच्या वळणावर ताणायची असेल तर लवचीक यूव्ही शाईच घ्या, नाहीतर तडे जातील. एकाच नक्षीच्या शेकडो प्रती, मोजके रंग? मग स्क्रीन प्रिंटिंगला ‘जुनं’ म्हणून नाक मुरडू नका.

फिल्मही शाईइतकीच महत्त्वाची. सपाट, थोड्या दिवसांच्या कामाला कॅलेंडर्ड (रुळांखाली दाबून बनवलेलं) चालतं. वळणांना कास्ट (द्रव ओतून बनवलेलं), आणि त्यावर लॅमिनेटही कास्टच. कास्टवर कॅलेंडर्ड लॅमिनेट चढवलं की ते आक्रसताना खालच्यालाही ओढतं.

एवढं वाचून घाबरायचं कारण नाही. सुरुवातीला मशीन घेऊच नका, छपाई बाहेरून करून घ्या आणि चिकटवणं स्वतः शिका. प्रिंट ताब्यात घेताना ‘कधी छापलं?’ हे तेवढं विचारा. आणि मशीन घ्यायची वेळ आली की आपलं विनाइल, आपली सगळ्यात गडद फाइल घेऊन जा. छापून घ्या, नीट सुकवून लॅमिनेट करा, कापा, वाकड्या पत्र्यावर चिकटवा आणि महिनाभर उन्हात ठेवा. सौदा त्यानंतर.