आरटीसी ड्रायव्हरमधली एरर नीट कळवा
आरटीसी (वेळ राखणारी घड्याळ चिप) ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये, म्हणजे उपकरण सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये, आयटूसी (चिपशी बोलण्याची दोन तारांची बस) वाचन फसलं की सरसकट ईआयओ (मोघम इनपुट-आउटपुट एरर) परत करू नका; खालून आलेला मूळ कोड तसाच वर जाऊ द्या. लिनक्समध्ये त्यासाठी डेव्ह_एर_प्रोब हे फंक्शन आहे. ते संदेशासोबत कोड छापतं, तोच परत करतं आणि ईप्रोब_डिफर (लागणारं दुसरं काही अजून तयार नाही, नंतर पुन्हा प्रयत्न करा) असेल तर लॉगमध्ये आरडाओरडा न करता कारण डीबगएफएस या डीबग माहितीच्या फाइलसिस्टिममधल्या डिव्हायसेस_डिफर्ड फाइलमध्ये दाखवतं. शिवाय कोडही आटोपशीर होतो.

खरी गफलत मात्र वेळ वाचताना होते. बॅटरी संपून ऑसिलेटर (घड्याळाचे ठोके देणारा भाग) थांबल्याचा फ्लॅग (खुणेचा बिट) चिपने लावलेला असताना नुसता इशारा छापून भलतीच वेळ देणं सगळ्यात वाईट. तिथे सरळ ईइनव्हॅल (अवैध मूल्याचा एरर कोड) परत करा. आणि तो फ्लॅग प्रोबमध्ये पुसू नका. नवी वेळ यशस्वीपणे लिहिली गेल्यावरच पुसायचा.