एजंटाला पासपोर्ट देण्याआधी मधला देश तपासा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडचा मुलगा परदेशी कामाला निघाला की घरात चौकशी होते ती पगाराची. धोका असतो वाटेवरच्या देशात. श्रीमंत देशांनी आपली वेस दुसऱ्याच्या दारात नेली आहे. स्थलांतरितांना वाटेतच अडवावं म्हणून युरोपीय संघाने २०१६ मध्ये तुर्कस्तानशी, २०२३ मध्ये ट्युनिशियाशी करार केला. इटलीने २०१७ मध्ये लिबियाशी. लिबियाचं तटरक्षक दल समुद्रातून माणसं परत आणतं, ती कोठडीत जातात, आणि तिथे मारहाण करून घरच्यांकडून खंडणी उकळली जाते. इटलीतला वकील तिथवर पोचत नाही.

म्हणून आधी कोऱ्या कागदावर तिकिटातला प्रत्येक थांबा लिहा. त्यापुढे: कोणत्या व्हिसावर उतरणार, किती दिवस, पुढचं तिकीट आत्ता हातात आहे का. एकाही थांब्याला ‘तिथे आपला माणूस बघेल’ असं उत्तर आलं, तर व्यवहार तिथेच मोडा.

‘व्हिसा लागत नाही’ हे तर सगळ्यात फसवं. सर्बियात भारतीयांना पूर्वी व्हिसा लागत नसे. युरोपीय संघाच्या दबावानंतर १ जानेवारी २०२३ पासून लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमिरातीतून मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला निघालेलं विमान फ्रान्सने मानवी तस्करीच्या संशयाने वात्री विमानतळावर अडवलं. आत ३०३ प्रवासी, बहुतेक भारतीय. २७६ जण मुंबईला परत आले. एजंटाला दिलेले पैसे असे कोण परत करतो?

एजंटाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः शोधा. नाव, पत्ता आणि मुदत तिन्ही जुळली पाहिजेत. गावातला सब-एजंट कायद्यात बसतच नाही. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. चार-पाच लाख रोख मागितले, की समजा वाट चोरटी आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘परदेशी नोकरीआधी मंजुरी आवश्यक’ अशी नोंद, असतं. अशांना लिबिया आणि अमिराती धरून १८ देशांत नोकरीला जायला सरकारी मंजुरी लागते. ती चुकवायला एजंट टुरिस्ट व्हिसा काढतात, आणि मग तिथे विमा नाही की करार नाही.

आपल्या सीमाभागातली एक जादा कटकट: शाळेचा दाखला मराठी, जन्मदाखला कन्नड, आधार इंग्रजी. आडनावाचं स्पेलिंग तीन तऱ्हांचं होतं. पासपोर्टच्या अर्जाआधीच ते एक करून घ्या. चुकीची कागदपत्रं असलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून तपासणी काउंटरवरच कडक असते.

पासपोर्ट, व्हिसा, करार, तिकीट यांच्या झेरॉक्स आणि एजंटाच्या पावत्या घरी ठेवा. दूतावासाचा नंबर पाठ करा, कारण पकडलं की पहिल्यांदा मोबाइलच काढून घेतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने हद्दपार करून पनामाला पाठवलेल्या २९९ जणांना, त्यांत भारतीयही होते, हॉटेलातून बाहेर पडू दिलं नव्हतं.

अडकलात तर न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. ‘स्वेच्छेने परत’ असा मजकूर असू शकतो. दुभाषी मागा, दूतावासाशी संपर्क मागा. देशादेशांतल्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाशी संपर्क हा हक्क आहे. मायदेशीच जिवाची भीती असेल तर दूतावासाआधी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीचा माणूस मागा, आणि भीती आहे हे पहिल्याच जबाबात सांगा. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार पोर्टलवर पासपोर्ट क्रमांक आणि शेवटचं ठिकाण घालून तक्रार नोंदवावी व तिचा क्रमांक जपून ठेवावा.